तीन खडे आणि एक दोरा

2 ऑक्टोबर 2025 ला एकात्मिक बालविकास सेवा योजनेला, म्हणजे आपल्या अंगणवाडीला, 50 वर्षं झाली. त्याच सुमारास एके दुपारी मी नातीला तिच्या बालवर्गातून आणायला गेले. फाटकाशी मातीचा एक लहानसा चौकोन होता. पाऊस पडून गेला की मुलं तिथे उकिडवी बसून गांडुळं बघायची. आता त्या मातीवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं होतं. कपडे खराब होतात अशी पालकांची तक्रार होती म्हणे.

घरी येऊन नातीचं दप्तर उघडलं, तर आत छापील कागद. तरंगणाऱ्या वस्तूंना निळा रंग द्यायचा, बुडणाऱ्यांना लाल. तिने सगळा कागद बरोबर रंगवला होता. मी विचारलं, "पाण्यात टाकून बघितलंत का गं?" ती म्हणाली, "नाही आजी, मिसनी सांगितलं." त्या उत्तराने मला रात्रभर झोप लागली नाही.

बालवाडीचा इतिहास थोडक्यातच सांगते. 1920 मध्ये गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्या कामात सामील झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीतलं अंगण ते. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. 1975 मध्ये सरकारी योजना आली, देशभरात 33 प्रकल्पांनी सुरुवात झाली. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. बाकीच्या पाचांची गरज मी कधीच नाकारणार नाही. भुकेल्या पोराला गांडूळ काय दाखवणार? पण वजनं, खिचडी, लसी आणि नोंदवह्या यांत ही सहावी सेवा कायम शेवटी उरली.

माझं दशक 1983 ते 1993. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी देवळाच्या ओसरीवर बालवाडी भरायची. मुलं तीसेक, बाई मी एकटी. आम्हाला शिकवणाऱ्या बाई कोसबादहून तयार होऊन आल्या होत्या. त्यांनी एक गोष्ट मनावर बिंबवली होती : मुलाने विचारलं की लगेच सांगून मोकळं व्हायचं नाही, आधी त्याच्या हातात वस्तू द्यायची.

एकदा घमेल्यात पाणी भरून आम्ही बुडतं-तरंगतं खेळत होतो. सोडणासकट नारळ तरंगला, शेंगदाण्याएवढा खडा तळाला गेला. मुलं अवाक् झाली. एवढा मोठा वर आणि एवढासा खाली कसा? चार वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "बाई, खडा एकटा आहे म्हणून बुडतो." मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. दुसऱ्या दिवशी तो तीन खडे एका दोऱ्याने बांधून घेऊन आला. खडे पाण्यात सोडले, ते बुडाले. त्याने ते बाहेर काढले, दोरा घट्ट केला, पुन्हा सोडले. मग बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एकटा म्हणून नाही." त्याला घनता कळली नव्हती, कळायचं कारणही नव्हतं. पण आपलं म्हणणं आपणच तपासून त्याने मागे घेतलं होतं. मोठमोठ्या माणसांना जे आयुष्यभर जमत नाही, ते त्या पोराने घमेल्यापाशी केलं.

तशीच ती लिंबावरची अळी. पक्ष्याची शीट वाटावी अशी काळी-पांढरी. फांदीसकट बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. रोज ताजा पाला घालायची पाळी लावली. काही दिवसांत ती हिरवीगार झाली. काडीने डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढायची, उग्र वास सोडायची. मग कोष झाला आणि पाला घालायचं काम संपलं, तरी मुलं सकाळी आल्याआल्या बरणीकडेच धावायची.

त्याच दिवसांत तालुक्याहून तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी पाट्या मागितल्या. "मुळाक्षरं कुठवर आलीत?" बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा पसारा कशाला?" मी ती बरणी मुलांसमोर कपाटामागे सारली. फुलपाखरू बाहेर आलं ते सुट्टीच्या दिवशी, अंधारात. सोमवारी तळाशी चुरगळलेले पंख सापडले. त्या बाईंना मी माफ केलेलं नाही आणि माझ्या भित्रेपणालाही नाही.

1992 मध्ये अनुताई गेल्या. दुसऱ्या वर्षी शेजारच्या बाजारपेठेत इंग्रजी केजी निघालं आणि आमच्या ओसरीवरची निम्मी मुलं टाय लावून तिकडे गेली. आईबापांना दोष देत नाही. त्यांना मुलांचं भलंच हवं होतं. पण पोर चिखलात बसलं म्हणजे वेळ वाया गेला, ही समजूत तेव्हा घरोघर शिरली ती अजून निघालेली नाही.

पुढची वर्षं मी भराभर उलटते, कारण त्यांत मला नवं काही दिसत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळ आणि अनुभव यांवर भर आहे. ताराबाई जे बोर्डीच्या अंगणात करत होत्या, ते आता सरकारी कागदावर आहे. मात्र शहरातल्या वर्गात माती झाकली जाते आणि गावातल्या सेविकेचा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. खडे, बिया, पाणी यांना आजही पैसे पडत नाहीत. कमी पडतोय तो मुलाला चुकू देण्याएवढा वेळ, आणि तो आपणच काढून घेतलाय.

त्या रात्रीनंतर सकाळी मी न्हाणीघरात बादली भरली. नातीने तो कागद शेजारी ठेवला आणि संत्रं पाण्यात सोडलं. तरंगलं. कागदावरही ते निळंच होतं, ती खूश झाली. मी म्हटलं, "आता सोलून टाक." तिने साल काढली, संत्रं सोडलं आणि ते सरळ तळाला गेलं. तिने हात घालून ते वर आणलं, पुन्हा सोडलं. मग सालीचा तुकडा टाकून बघितला, तो तरंगत राहिला. बराच वेळ ती आळीपाळीने पाण्याकडे आणि कागदाकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "मग आता संत्र्याला कुठला रंग द्यायचा?"

मी काही सांगितलं नाही. बादलीत आणखी थोडं पाणी घातलं.