अर्धांगाच्या रुग्णाचे तोंड कोण पाहतो?

घरातील वडीलधाऱ्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की सारे घर त्याचे हातपाय चालते करण्याच्या मागे लागते. मालीश होते, व्यायाम होतो. तोंडाकडे मात्र कोणी पाहत नाही. कवळी डबीत जाते आणि "आता दात कशाला हवेत?" असे म्हटले जाते. हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते.

झटक्याने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, तसे आतील गाल आणि जीभही लुळी पडू शकते. त्या बाजूला घास अडकला तरी रुग्णाला कळत नाही. अन्न तिथेच कुजते, जंतू वाढतात. गिळणे बिघडले असेल तर हीच लाळ फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधील 11 शुश्रूषागृहांची पाहणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत, तोंडाची नियमित निगा राखलेल्या वृद्धांपैकी 11 टक्क्यांना, तर इतरांपैकी 19 टक्क्यांना न्यूमोनिया झाला.

म्हणून प्रत्येक जेवणानंतर रुग्णाला ताठ बसवून लुळ्या गालाच्या आत पाहावे. ओला करून पिळलेल्या मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ पुसून घ्यावी. चूळ भरता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. थळसारख्या मासळीच्या गावात एक काळजी अधिक घ्यावी : काटा राहिलेला मासा रुग्णाच्या ताटात जाता कामा नये. मशेरी तर कायमची बंद करावी. तंबाखूने हिरड्या बिघडतात आणि पुन्हा झटका येण्याचा धोकाही वाढतो.

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते आणि टूथपेस्टने तिला चरे पडतात. सौम्य साबण व मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याचे भांडे ठेवावे, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. कवळी सैल झाली, हिरडीला जखम झाली किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले तर दंतवैद्याला दाखवावे. थळकरांना अलिबाग जवळच आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला सांगावे. गोळी मनाने बंद करू नये.

हे काम एकट्या सुनेवर टाकू नये. मुलानेही बापाची कवळी धुवावी, त्यात कमीपणा नाही. गिळणे सुधारले आणि कवळी नीट बसली, की घास चावता येतो, बोलणे समजते, आणि तोंड लपवून खोलीत बसलेला माणूस पुन्हा ओटीवर येऊन बसतो.