रबर कापा, पट्टी वाचवा

आमच्या घरी फियाट ११०० डी होती. वडिलांनी ती एकदा रंगाला दिली. रंगून परत आली तेव्हा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते पुढच्या काचेपाशी थांबले. काचेभोवतीच्या चकाकत्या पट्टीला वरच्या कोपऱ्यात मुरड पडली होती. कुणीतरी खाली स्क्रू ड्रायव्हर घालून ती उचकटली होती आणि नंतर हातोडीने सरळ करू पाहिली होती. त्या ठोक्यांचे ठसेही उमटले होते. पुढे त्या गाडीचं इंजिन उतरवून झालं, ब्रेक बदलले, सीटची कव्हरं बदलली. मुरड मात्र गाडी विकेपर्यंत राहिली, कारण तशी दुसरी पट्टी कुठे मिळालीच नाही.

मुंबईच्या गॅरेजांत या पट्टीला बीडिंग म्हणतात. बोटभर रुंदीची ही वस्तू काढताना जितक्या जुन्या गाड्यांची शोभा गेली, तितकी अपघातांनीही गेली नसेल, असं माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं झालं आहे. आणि ती घालवणारे हात बहुतेक वेळा गाडीवर जीव असणाऱ्यांचेच असतात. पट्टी कशाने धरली आहे, एवढं आधी पाहिलं जात नाही.

फियाटचं उदाहरण घेतो, कारण ती आपल्या मातीतली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ निघाल्या, पन्नासच्या दशकात फियाट आली. १९५४ पासूनची गोलमटोल ११०० म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. १९६४ मध्ये ११०० डी आली, १९७२ मध्ये तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. कारखान्यातून नवे भाग येणं तर त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं. आज हाती असलेली पट्टी हीच शेवटची, असं धरूनच कामाला बसायला हवं.

त्या काळच्या बहुतेक युरोपीय घडणीच्या गाड्यांत पुढची काच रबराने बसवलेली असते. रबराचा आडवा छेद घेतला तर त्यात विरुद्ध बाजूंना दोन खाचा दिसतात. एका खाचेत काचेची कड, दुसरीत बॉडीच्या पत्र्याची कड. चकाकती पट्टी असेल तर रबराच्या बाहेरच्या अंगाला तिच्यासाठी तिसरी, उथळ खाच असते. पट्टीच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात आणि त्या रबराच्या ओठाखाली अडकतात. म्हणजे पट्टीला ना स्क्रू, ना खिळा. तिला केवळ रबराने तोंडात धरलेलं असतं.

रबर नवं असताना ही पकड लवचिक असते. पण ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं निघून जातात आणि शेवटी नखाने दाबलं तरी खूण उमटत नाही. अशा रबरातून पट्टी वर ओढली की रबर सोडत नाही, पट्टीच वाकते. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

यावर जाणत्या कारागिरांचा उपाय ऐकायला साधा आहे: रबराचा बळी द्या. नवं रबर आधी मिळवायचं, हातात घेऊन जुन्याशी ताडून पाहायचं आणि मगच धारदार पात्याने जुन्या रबराचा बाहेरचा ओठ पट्टीच्या कडेने कापत जायचं. पात्याचं टोक काचेकडे किंवा रंगाकडे वळू द्यायचं नाही. रंगावर मास्किंग टेपचे दोन थर आधीच चिकटवायचे. ओठ गेला की पट्टीला धरणारं काही उरत नाही. ती हातात येते, उचकटावी लागत नाही. दुसरी वाट म्हणजे रबराचा आतला ओठ कापून काच, रबर आणि पट्टी हे सगळं एकत्रच बाहेर घ्यायचं. एकाने आतून तळव्यांनी दाब द्यायचा, दोघांनी बाहेरून काच झेलायची. मग टेबलावर घोंगडी अंथरून पट्टीवरून रबर सोलायचं. मला ही वाट अधिक पसंत आहे, कारण यात पट्टीला सगळ्या लांबीभर आधार राहतो.

रबर टिकवायचंच असेल तर मात्र घाई नको. गाडी उन्हात उभी करून रबर तापू द्यावं. साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन ओठाखाली सोडावं. पेट्रोल, डिझेल, इंजिनचं तेल अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि कुजतं. पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असते आणि जोडावर एक छोटी झाकणी असते. ती आधी सरकवून बाजूला घ्यावी, नाहीतर मधूनच उचललेली पट्टी जोडापाशी मोडते. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने जोडापासून बोट बोट पुढे जावं. एके जागी जास्त उचललं की मुरड पडलीच.

साठच्या दशकातल्या अनेक अमेरिकी गाड्यांचं तंत्र अगदी वेगळं. तिथे काचेच्या चौकटीवर क्लिपा बसवलेल्या असतात आणि पट्टीची वळवलेली कड क्लिपेच्या जिभेवर चढलेली असते. यासाठी टोकाला आकडा असलेलं पातळ पोलादी हत्यार मिळतं. ते पट्टी आणि काच यांच्यामध्ये सपाट सरकवायचं, क्लिप चाचपायची, जीभ आकड्यात घेऊन ओढायची. पट्टी तिथे हलकीच सुटते. मग पुढची क्लिप. फियाटचं रबर ओळखणाऱ्याने अशी अमेरिकी गाडी समोर आल्यावर रबर समजून कापायला घेतलं, किंवा क्लिपवाल्याने फियाटला आकडा लावला, तर दोन्हीकडे नुकसान ठरलेलं.

धातूही ओळखावा लागतो. पट्टी हलकी असेल आणि चुंबक चिकटत नसेल तर ती ॲल्युमिनियमची; वाकली की पूर्ववत सरळ होत नाही आणि वरचा ॲनोडाइझ थर घासला की उडतो. चुंबक चिकटला म्हणून साधं लोखंड समजू नये, कारण पट्ट्यांसाठी वापरलेल्या स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो. स्टेनलेसवरचा पोचा लाकडी ठोकळ्यावर मागून हलके ठोकून काढता येतो. पुढे क्रमाने बारीक होत जाणारा पॉलिशपेपर आणि शेवटी बफिंग. चुंबक न घेणारी पण जड पट्टी असेल तर ती क्रोम चढवलेली पितळेची असू शकते. तिला घासलं तर क्रोम जातो आणि पिवळं पितळ डोकावतं.

काचेबद्दल एवढंच, पण महत्त्वाचं. ती टफन्ड आहे की लॅमिनेटेड, हे कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचा. टफन्ड काचेची कड हा तिचा सगळ्यात नाजूक भाग. पोलादी हत्यार कडेला लागलं तर अख्खी काच क्षणात खडे होऊन पडते. लॅमिनेटेड काचेत कडेपासून तडा निघतो आणि वाढत जातो. चष्मा आणि हातमोजे दोन्ही वेळी हवेत.

पट्टी निघाल्यावर खाली जे दिसतं ते पाहून अनेक मालक गप्प होतात. मुंबईत मोसमात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवा खारी. कडक झालेल्या रबराखाली पाणी साचून राहतं आणि पत्र्याच्या कडेला गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रबराला आणि पट्टीला आतून ढकलतो. कधी पट्टी एका जागी उचललेली दिसते, तिचं हे कारण असतं. तिथे नुसती पट्टी दाबून बसवणं म्हणजे दुखणं झाकणं. पत्र्याची कड साफ करून, प्रायमर लावून, मगच नवं रबर चढवायचं. काढलेल्या तुकड्यांवर टेपने डावा-उजवा लिहून ते पूर्ण लांबीच्या प्लायवर बांधून ठेवायचे. मधोमध धरून उचललेली लांब पट्टी स्वतःच्या वजनाने वाकते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. साठच्या दशकातल्या फियाट त्या वयाच्या झाल्या आहेत, पद्मिनीही आता एकेक करून होत आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात कधीमधी एखादी जुनी पट्टी हाती लागते, बहुधा कुणाच्या तरी स्क्रू ड्रायव्हरची मुरड घेऊनच.

तुमच्या घरी अशी गाडी असेल आणि रंगाला देणार असाल, तर कारागिराला आधी विचारा, काचेचं नवं रबर आणलं आहे का. नाही म्हणाला, तर रबर येईपर्यंत गाडी घरी ठेवा.