शहरी पोरं, रानातला तंबू

न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांतल्या गरीब मुलांना उन्हाळ्यात घरी पाहुणे म्हणून ठेवून घ्या, असं आवाहन पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन गावचे पाद्री विलर्ड पार्सन्स यांनी १८७७ मध्ये केलं. त्यातूनच ‘फ्रेश एअर फंड’ उभा राहिला. पुढे शिबिरंही आली. न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिलला तर त्यासाठी २,००० एकरांहून मोठं रान आहे.

सिएरा क्लब या अमेरिकन पर्यावरण संघटनेच्या स्वयंसेवकांनीही १९७०च्या दशकात शहरी पोरांना रानात नेणारं ‘इनर सिटी आउटिंग्ज’ सुरू केलं.

अशा सहलीत पोरं किड्यांपेक्षा अंधाराला जास्त बिचकतात. रस्त्यावरचे दिवे रात्रभर खिडकीत, मग दुसरं काय होणार! म्हणून उजेड असतानाच तंबू त्यांच्याकडूनच ठोकून घ्यावा आणि प्रत्येकाच्या हाती टॉर्च द्यावी.

खरी अडचण सामानाची. ट्रेकर मंडळींनो, माळ्यावर पडलेल्या स्लीपिंग बॅगा जवळच्या वस्तीतल्या मुलांसाठी काढाच.