मेळघाटात बंदूक का आली नाही?

नक्षलवादी तुकड्या १९८० साली प्राणहिता ओलांडून आजच्या गडचिरोलीतल्या सिरोंचा-अहेरीकडे आल्या आणि त्यांनी हात घातला तो तेंदूपानाच्या मजुरीला. ठेकेदार देईल तो दर, वनखात्याचा गार्ड मागेल ती कोंबडी, डोळ्यांदेखत कागद कारखान्याला जाणारा बांबू. गोंड-माडिया माणसाच्या अपमानाची यादी तयारच होती. आलेल्यांनी तिला राजकारण दिलं.

जवळपास हीच यादी मेळघाटातही होती. मग धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू आदिवासींनी शस्त्र का उचललं नाही? ‘कोरकू स्वभावानेच शांत’ हे परतवाड्याच्या चहाटपरीवर मिळणारं उत्तर आळशी आहे. गडचिरोलीच्या पाठीशी तेलंगणची नक्षल चळवळ आणि बस्तरचं सलग रान होतं. मेळघाटच्या उत्तरेला मध्य प्रदेशचा सातपुडा आणि घाट उतरला की कपाशीचं वऱ्हाड. इथला नाडलेला माणूस दलमकडे, म्हणजे नक्षली तुकडीकडे, वळण्याऐवजी सोंगणीला, वेचणीला, वीटभट्टीवर खाली उतरला. त्यात १९९३ च्या बालमृत्यूंनंतर डॉक्टर, कार्यकर्ते आणि उच्च न्यायालयातल्या याचिका डोंगरात पोचल्या. संतापाला अर्जाची वाट मिळाली. ती वाट सोपी होती असं मात्र कुणी समजू नये.

याच वाटेवरचा वनहक्क कायदा २००६ चा. त्यातला वैयक्तिक दावा म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण ही जमीन कसत होतो हे सिद्ध करणं, आणि मिळणार जास्तीत जास्त ४ हेक्टर. ज्याच्या वहितीला सरकार आयुष्यभर ‘अतिक्रमण’ म्हणत आलं, त्याने त्याच वहितीचा पुरावा द्यायचा. वाडवडिलांची विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही पुरावे नियमांत बसतात. मेलेल्यांच्या नावाने कोरकू जे कोरीव लाकडी मुंडे उभारतात, तेही याच हिशेबात धरायला हवेत. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, पण तो लेखी हवा. म्हातारा बोलणार कोरकूत, लिहिला जाणार मराठीत, आणि पुढे उपविभागीय समितीत बसलेला अधिकारी त्यात ‘पुराव्याची त्रुटी’ काढणार.

तारखांचा एक योग मात्र नजरेआड करता येत नाही. हा कायदा ३१ डिसेंबर २००७ ला अमलात आला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं गाभाक्षेत्र अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास म्हणून जाहीर झालं २७ डिसेंबरला. चार दिवस आधी! वाघाची घाई समजू शकतो. सरकारला एवढी घाई एरवी कधी सुटत नाही.

गाभ्याच्या बाहेर, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने या कायद्याचं सोनं केलं. ‘खोज’ संस्थेच्या मदतीने गावाने सामूहिक दावा लावून धरला आणि २०१२ मध्ये १९३ हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. रान कसलं, उघडी टेकडीच होती ती. रोजगार हमीतून समतल चर खणले, झाडं लावली, चराईला नियम घातले. पुढे तिथली सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईला जाऊ लागली आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वनखात्याला राखता न आलेली टेकडी ग्रामसभेने राखली, हे खात्याला अजून पचलेलं दिसत नाही.

गाभ्यातल्या केलपाणी-गुल्लरघाट या गावांच्या वाट्याला दुसराच रस्ता आला: पुनर्वसन. कायदा म्हणतो, आधी हक्क मान्य करा, ग्रामसभेची संमती घ्या, मग गाव हलवा. २००८ पासून कुटुंबामागे १० लाखांचं पॅकेज होतं. ते घेऊन माणसं खाली अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. रानात सरपण, मोहफूल, डिंक, मासळी फुकट होती. इथे भाजीच्या जुडीलाही पैसे. कबूल केलेली जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत, अशी तक्रार घेऊन जानेवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा रानात शिरले. वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात धुमश्चक्री झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. इथवर प्रकरण पोचायला कोणत्याही दलमची गरज पडली नाही.

२०२१ मध्ये पॅकेज १५ लाखांवर गेलं. अकोटकडच्या काळ्या जमिनीचा एकरी भाव ज्याला ठाऊक आहे, त्याने त्यात घर, शेत आणि बैलजोडी बसवून दाखवावी.