किल्ली ज्याची, धन त्याचे
कूटचलनाचा वापर आणि त्याची सुरक्षित साठवण

घरातील तिजोरीची किल्ली हरवली तर कारागिराला बोलावून कुलूप उघडून घेता येते. बँकेचे पासबुक गहाळ झाले तर शाखेत अर्ज देऊन दुसरे मिळविता येते. भ्रमणध्वनीवरून चुकीच्या खात्यात रक्कम गेली तरी बँकेकडे दाद मागण्याची सोय असते. तथापि, कूटचलन अर्थात क्रिप्टोकरन्सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या प्रकारच्या मालमत्तेला यांपैकी कोणतीही सोय लागू पडत नाही. तिची किल्ली हरवली तर ती पुन्हा घडवून देणारा कारागीर जगात नाही. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर धन त्याचे झाले असेच समजावे लागते.

गेल्या काही वर्षांत हा विषय महानगरांतून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. महाविद्यालयीन तरुण, शिक्षक, छोटे व्यापारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या बोलण्यात बिटकॉइनचा उल्लेख येऊ लागला आहे. या चलनाचा पुरस्कार किंवा निषेध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्यांनी ते घेतले आहे किंवा जे घेण्याचा विचार करीत आहेत, त्यांना आणि त्यांना सल्ला देण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना त्याचे स्वरूप व धोके नीट समजावेत, एवढाच येथे प्रयत्न आहे.

कूटचलन म्हणजे काय?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक टिपण प्रसिद्ध झाले. बँकेसारख्या मध्यस्थाशिवाय एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे पाठविण्याची पद्धत त्यात मांडली होती. ३ जानेवारी २००९ रोजी ती प्रत्यक्षात सुरू झाली आणि बिटकॉइनचा जन्म झाला. या नावामागील व्यक्ती कोण, हे आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

या पद्धतीचा गाभा म्हणजे एक सामाईक खतावणी. गावच्या पतपेढीची खतावणी एका कपाटात असते. बिटकॉइनच्या खतावणीच्या प्रती मात्र जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचे एक पान तिला जोडले जाते आणि प्रत्येक पान आधीच्या पानाशी गणिताने बांधलेले असते. जुन्या पानावर खाडाखोड केल्यास ती तत्काळ उघडकीस येते. या पानांच्या साखळीलाच ब्लॉकचेन असे म्हणतात. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाही, अशी तरतूद मूळ नियमातच आहे. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग होतात व त्या भागाला सातोशी म्हणतात. त्यामुळे संपूर्ण नाणे घेतले पाहिजे असे नाही.

कायद्यातील स्थान

भारतात कूटचलन हे वैध चलन नाही. दुकानदाराने ते स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ पासून जनतेला याबाबत वेळोवेळी सावध केले आहे. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे तिने बँकांना या व्यवहारांसाठी सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. कूटचलन बाळगणे हा गुन्हा नाही. परंतु त्याच्यामागे शासनाची कोणतीही हमी नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने किरकोळ वापरासाठी १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेला डिजिटल रुपया हे कूटचलन नव्हे. मुंबई हे त्या प्रयोगाच्या पहिल्या शहरांपैकी एक होते. डिजिटल रुपया ही रिझर्व्ह बँकेचीच देयता असून त्याचे मूल्य कागदी रुपयाइतकेच असते. बिटकॉइनचे मूल्य मात्र सर्वस्वी बाजारावर अवलंबून असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजार डॉलरच्याही खाली आला. पुढे तो पुन्हा वाढला ही गोष्ट खरी. परंतु मधल्या काळात ज्याला मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी पैसे काढावे लागले असतील, त्याला त्या वाढीचा काय उपयोग?

कराच्या बाबतीत २०२२ च्या वित्त अधिनियमाने स्पष्ट तरतूद केली. अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर व त्यावर उपकर द्यावा लागतो. समजा, एखाद्याने १ लाख रुपयांना घेतलेले चलन दीड लाखाला विकले. ५० हजारांच्या नफ्यावर १५ हजार रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे ६०० रुपये त्याला भरावे लागतील. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात त्याचे ४० हजारांचे नुकसान झाले असले, तरी ते या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षाकडेही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विहित मर्यादेवरील विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर मुळातच कापला जातो. एक नाणे देऊन दुसरे घेणे हेही हस्तांतरणच होय. म्हणून प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख, रक्कम आणि भाव यांची नोंदवही ठेवणे अगत्याचे आहे.

शासकीय सेवेतील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्तणूक नियमांनुसार शासकीय कर्मचाऱ्यास सट्टेबाजी वर्ज्य आहे. वारंवार खरेदी-विक्री करण्यापूर्वी आपल्याला लागू असलेले नियम पाहणे हिताचे ठरेल.

किल्लीचे महत्त्व

कूटचलन वॉलेटमध्ये ठेवले जाते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः नाणी वॉलेटमध्ये नसतात. ती खतावणीतील नोंदीच्या रूपाने असतात. वॉलेटमध्ये असते ती किल्ली. प्रत्येक वापरकर्त्याकडे एक पत्ता असतो व एक खासगी किल्ली असते. पत्ता हा बँकेच्या खाते क्रमांकासारखा असून रक्कम घेण्यासाठी तो इतरांना देता येतो. खासगी किल्ली ही सही आणि अंगठा यांच्या जागी असते. जो ती वापरील, त्याचा आदेश खतावणी मान्य करते. आदेश देणारा खरा मालक आहे की चोर, हे ती विचारीत नाही.

ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या होय. माणसाला ती लिहून ठेवणे सोपे जावे म्हणून बहुतेक वॉलेट १२ किंवा २४ साध्या शब्दांची एक मालिका देतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठराविक यादीतून निवडलेले असतात. यंत्र बिघडले किंवा हरवले तरी हे शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात भरले की सर्व रक्कम पुन्हा हाती येते. साहजिकच ही शब्दमालिका म्हणजेच धन, असे समजून वागले पाहिजे.

साठवणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग विनिमय केंद्राकडे, म्हणजे एक्सचेंजकडे, चलन ठेवण्याचा. तो सर्वांत सोपा आहे. परंतु त्यात किल्ली केंद्राच्या हाती असते. ग्राहकाच्या हाती राहतो तो केवळ केंद्रावरील विश्वास. हा विश्वास अनेकदा फोल ठरला आहे. टोकियोतील माऊंट गॉक्स हे केंद्र फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे सापडले. एफटीएक्स हे बडे केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले. भारतातील वझीरएक्स या केंद्रातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांना आपले कूटचलन काढून घेण्यासाठी वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

मार्च २०२३ पासून अशा केंद्रांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू असून केंद्र शासनाच्या वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे नोंदणी करणे त्यांना आवश्यक आहे. ती नोंदणी आहे किंवा नाही, हे पाहूनच केंद्र निवडावे. तथापि, नोंदणी म्हणजे ठेवीची हमी नव्हे. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत जे विमासंरक्षण मिळते, ते येथे नाही.

दुसरा मार्ग म्हणजे भ्रमणध्वनीवरील किंवा संगणकावरील वॉलेट. यात किल्ली स्वतःच्या ताब्यात राहते. पण ते यंत्र इंटरनेटला जोडलेले असल्याने घातक प्रणालीचा शिरकाव होण्याची भीती असते. खिशातील पाकिटात जेवढे पैसे आपण ठेवतो, तेवढीच रक्कम अशा वॉलेटमध्ये असावी.

तिसरा मार्ग हार्डवेअर वॉलेटचा. हे हाताच्या मुठीत मावणारे स्वतंत्र उपकरण असते. किल्ली त्याच्या बाहेर पडत नाही. व्यवहारावरील सही उपकरणाच्या आतच होते. मोठी रक्कम दीर्घकाळ ठेवायची असल्यास हा मार्ग अधिक सुरक्षित होय. मात्र असे उपकरण निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले उपकरण घेऊ नये. खोक्यात शब्द आधीच छापून आलेले असतील, तर ती फसवणूक आहे असे निश्चित समजावे. शब्द उपकरणाने आपल्यासमोर तयार केले पाहिजेत.

नित्य वापरातील दक्षता

शब्दमालिका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या सुरक्षित जागी ठेवाव्यात. आग व पाणी यांपासून बचावासाठी काही जण ती धातूच्या पट्टीवर कोरून घेतात. तिचे छायाचित्र काढू नये. ती ई-मेल, व्हॉट्सॲप किंवा संगणकातील धारिकेत ठेवू नये. कोणतेही केंद्र, बँक किंवा शासकीय अधिकारी हे शब्द कधीही विचारीत नाही. जो विचारतो, तो चोर होय.

विनिमय केंद्रावरील खात्यासाठी स्वतंत्र व लांब परवलीचा शब्द असावा. दुसऱ्या टप्प्यातील पडताळणीसाठी लघुसंदेशावर विसंबण्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरावे, कारण दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड लबाडीने मिळवून संदेश पळविण्याचे प्रकार घडतात.

रक्कम पाठविताना पत्ता हाताने टंकित करू नये. नक्कल करून चिकटवावा किंवा क्यूआर संकेत वापरावा आणि त्यानंतर संपूर्ण पत्ता पडताळून पाहावा. चिकटविताना पत्ता गुपचूप बदलणाऱ्या घातक प्रणाली आहेत. सुरुवातीची व शेवटची अक्षरे जुळणारे बनावट पत्तेही तयार केले जातात. पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नेटवर्क एकच आहे याची खात्री करावी. प्रथम अल्प रक्कम पाठवून ती पोहोचल्यावरच उर्वरित पाठवावी. एकदा खतावणीत पक्का झालेला व्यवहार मागे घेता येत नाही.

आमिषापासून सावध

सामान्य माणसाचे सर्वाधिक नुकसान किल्ली हरवल्याने होतेच असे नाही. पुष्कळदा ते आमिषाने होते. महाराष्ट्रात गाजलेले गेनबिटकॉइन प्रकरण याची साक्ष देते. त्या योजनेत दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आश्वासन होते. १ लाखाचे १ लाख ८० हजार होणार, या आशेने अनेकांनी पैसे गुंतविले आणि आपल्या नातलगांनाही त्यात ओढले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपीला अटक केली, तोवर अनेक कुटुंबांची पुंजी अडकून पडली होती. ठराविक परताव्याची हमी आणि नवे सभासद आणल्यास मोबदला, या दोन गोष्टी जेथे एकत्र दिसतील तेथे चलन कोणतेही असो, दूर राहावे.

अलीकडे बनावट ॲपवर मोठा नफा दाखविला जातो आणि तो काढण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरा असे सांगितले जाते. अशा वेळी आणखी पैसे न भरता विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविता येण्याची शक्यता अधिक.

वारसांचा विचार

कॅनडातील क्वाड्रिगा या विनिमय केंद्राचा चालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला. किल्ल्या त्याच्या एकट्याकडे होत्या आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे ओंटारिओच्या रोखे आयोगाच्या चौकशीत, बहुतांश रक्कम त्याने आधीच गैरव्यवहारात घालविली होती, असे निष्पन्न झाले. या घटनेतून दोन बोध मिळतात. दुसऱ्याच्या हाती किल्ली देणे धोक्याचे आहे आणि एकट्यानेच सर्व गुपित बाळगणेही तितकेच धोक्याचे आहे.

घरातील कर्त्या माणसाने आपल्याकडे अशी मालमत्ता आहे, हे निदान एका विश्वासू व्यक्तीस सांगून ठेवावे. मृत्युपत्रात तिचा उल्लेख करावा. मात्र शब्दमालिका त्यात लिहू नये. ती कोठे ठेवली आहे, एवढेच वारसास कळण्याची व्यवस्था करावी. वारस दाखला हाती असला तरी किल्लीवाचून तो येथे निरुपयोगी ठरतो.

शाळेतील पालक सभेत, ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत या गोष्टी साध्या भाषेत समजावून देता येतील. जी रक्कम गमावली तरी घरची चूल चालू राहील, तिच्यापलीकडे या व्यवहारात कोणी जाऊ नये आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. हा सल्ला नवा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी प्रत्येक नव्या धंद्याच्या वेळी तोच दिला आहे. एखादा तरुण भ्रमणध्वनीवरील आकडे दाखवून आईचे दागिने गहाण ठेवण्याची गोष्ट बोलू लागला, तर त्याला पहिला प्रश्न एवढाच विचारावा : "या धनाची किल्ली कोणाकडे आहे?" याचे उत्तर त्याला देता येत नसेल, तर दागिने जेथे आहेत तेथेच राहू देणे शहाणपणाचे होईल.