विस्कळीत पानांची किल्ली

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉक्नर यांची ‘द साउंड अँड द फ्युरी’ (१९२९) ही कादंबरी अनेक वाचक आरंभीची काही पाने वाचूनच मिटून ठेवतात. मिसिसिपी राज्यातील कॉम्प्सन या उतरती कळा लागलेल्या घराण्याची ही कथा. पहिल्या भागात एक प्रौढ माणूस कुंपणाशी उभा राहून पलीकडचा गोल्फचा खेळ पाहत असतो आणि थोड्याच ओळींनंतर तो लहान मूल झालेला असतो. छापखान्यात पाने मागेपुढे तर झाली नाहीत ना, असेच वाटावे!

तसे काही झालेले नाही. हा भाग बेंजीच्या मनातून सांगितलेला आहे. दिवस ७ एप्रिल १९२८, त्याचा तेहेतिसावा वाढदिवस. वय वाढले, पण बुद्धी बालपणीच खुंटली, वाचाही नाही. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ हा भेद त्याला ठाऊक नाही. कुंपणातून जाताना त्याचे कपडे खिळ्याला अडकतात, आणि त्याच जागी आपल्याला एकदा बहिणीने, कॅडीने, सोडविले होते तो क्षण त्याच्यापुढे उभा राहतो. खेळाडू आपल्या काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला ‘कॅडी’ म्हणून हाक मारतात, तेव्हा हा हंबरडा फोडतो.

वाचकाने येथे तारखा जुळवीत बसू नये. बेंजीला कोण सांभाळीत आहे एवढेच पाहावे. वर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर तारुण्याचा आरंभ, आणि लस्टर असेल तर १९२८ साल. तिरप्या अक्षरांतील मजकूर ही बहुधा काळ बदलल्याची खूण. क्वेंटिन या नावाच्याही दोन व्यक्ती आहेत : एक बेंजीचा थोरला भाऊ, दुसरी कॅडीची मुलगी. भावाच्या हार्वर्डमधील शिक्षणासाठी विकलेले कुरण म्हणजेच ते गोल्फचे मैदान, हे ध्यानी आले की हंबरड्याचा अर्थ अधिकच गहिरा होतो.

हे प्रसंग क्रमाने लावले तर कथानक सुबोध होईल, पण बेंजीचे दुःख हाती लागणार नाही. घर सोडून गेलेली कॅडी त्याच्या लेखी कधी भूतकाळात जातच नाही. म्हणून तिचा वियोग त्याला रोज नव्याने भोगावा लागतो. निवेदनाचा विस्कळीतपणा हेच त्या दुःखाचे रूप आहे.

मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीमुळे संज्ञाप्रवाहाचे हे तंत्र मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तेव्हा पहिल्या वाचनात जे कळणार नाही ते तसेच सोडून पुढे जावे. डिल्सी या वृद्ध सेविकेभोवती फिरणारा चौथा भाग सरळ निवेदनात आहे. तो संपवून पुन्हा पहिल्या पानाकडे वळावे. मग बेंजी का रडतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.