नाव, क्रमांक आणि हजेरीपट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शिकलो. आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्याचा पहिला पाठ मला त्यांच्या हजेरीपटावर मिळाला, हे आरंभीच नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

गुरुजी हजेरी क्रमांकाने घेत. ‘सतरा’ म्हटले की मी ‘हजर’ म्हणे. प्रत्येकाचे पूर्ण नाव पुकारले असते, तर तासाचा बराच भाग त्यातच सरला असता. तारघरातही हीच युक्ती होती. दिवाळीच्या, विवाहाच्या ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत. तारेतून क्रमांक जाई आणि पलीकडचे तारघर यादी पाहून पूर्ण वाक्य लिहून देई. आपल्या देशातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. युक्ती मात्र जिवंत आहे.

संगणकावरील पानात मजकुरासोबत काही खुणा असतात. येथून परिच्छेद सुरू, येथून अक्षर ठळक, येथे ठळक संपले, अशा त्या सूचना होत. त्यांना टॅग म्हणतात. त्या वाचून अर्थ लावणारी आज्ञावली म्हणजे पार्सर. ठळक अक्षरासाठी ‘स्ट्राँग’ ही खूण आहे. रोमन लिपीत तिची सहा अक्षरे. कंस व तिरपी रेघ धरून उघडती आणि मिटती खूण मिळून सतरा चिन्हे होतात. ‘स्मॉल’, ‘सिलेक्ट’ याही खुणा त्याच आद्याक्षराने सुरू होतात. म्हणून पार्सरला पुढची अक्षरेही पडताळावी लागतात. अशा खुणा एका पानात शेकडो असल्या, तर हे श्रमही तितक्या वेळा. खुणेला एकदाच क्रमांक दिला, की पुढची तुलना एका पायरीत होते. इतकेच नव्हे, तर तो क्रमांक धरून कोष्टकाच्या नेमक्या ओळीवर थेट जाता येते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे वॅप या जुन्या मोबाइल-व्यवस्थेची अंकरूप लेखनपद्धती. तिचे टिपण जून १९९९ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे प्रसिद्ध झाले. त्या काळच्या फोनची स्मृती तोकडी आणि जोडणी संथ होती. तेथे ‘स्ट्राँग’चा क्रमांक ५७. खुणेच्या पोटात मजकूर असेल तर त्यात ६४ मिळवायचे, म्हणजे १२१. आणि कोणतीही खूण मिटवायला केवळ १. सतरा चिन्हांचे काम दोन अंकांत झाले!

परंतु या काटकसरीची किंमत असते, आणि ती मी स्वतः मोजली आहे. एका जूनमध्ये नांदेड, निजामाबादकडची काही मुले वर्गात आली आणि नवा पट तयार झाला. माझा क्रमांक बदलला. सवयीने मी आठवडाभर ‘सतरा’लाही ‘हजर’ म्हणत राहिलो. नवा सतरा क्रमांकाचा मुलगा तापाने अंथरुणावर होता आणि पटावर मात्र हजर होता. नाव पुकारले असते, तर ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. ती कळल्यावर गुरुजी मला रागावले नाहीत. त्यांनी पट मिटला आणि त्याच्या घरी विचारपूस करायला गेले. त्यानंतर दर सोमवारी ते पूर्ण नावे वाचू लागले.

संगणकातही नेमके हेच घडते. शब्दातले एखादे अक्षर चुकले, तर तो शब्द निरर्थक होतो आणि चूक दिसते. ५७ च्या जागी ५६ पडले, तर तोही वैध क्रमांकच असतो, तो ‘स्मॉल’चा. ठळक हवे ते बारीक होते आणि कोणी तक्रार करीत नाही. म्हणून त्या पद्धतीच्या रचनाकारांनी प्रत्येक दस्तऐवजाच्या आरंभी कोणते कोष्टक वापरले आहे, हे सांगणे आवश्यक ठरवले. कोष्टकात नसलेल्या खुणेसाठी ४ हा अंक राखून ठेवला. त्याचा अर्थ, ‘हिला क्रमांक नाही, हिचे नाव वाचा.’

वॅपचे युग सरले. तथापि २०१५ साली प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-२ मध्येही वारंवार येणाऱ्या शीर्षओळींसाठी ६१ नोंदींचे ठरावीक कोष्टक आहे. तत्त्व तेच.

मित्रहो, क्रमांक हा नावाचा शत्रू नव्हे. त्याने वेळ वाचतो. परंतु तो कोणत्या पटातला आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक हवे, आणि पटात नसलेल्यासाठी नावाने हाक मारण्याची सोय हवी. गुरुजींनी वाचवलेला वेळ शिकवण्यासाठी वापरला आणि सोमवारचा वेळ नावांसाठी राखला. हा हिशेब मला पुढे कोणत्याही ग्रंथात इतका स्पष्ट सापडला नाही. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.